जिवंत माणसाचं तिकीट

३ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं नसेल तर आधीच सांगते, मी वहिनी. अकरा वर्षांनी लिहिते आहे, तेही कामासाठी. उगाच गोड बोलून मग कामाचं काढण्यापेक्षा कामाचंच लिहिते.

गेल्या आठवड्यात टपाल खात्यातल्या एक बाई घरी आल्या. मला वाटलं काहीतरी विकायला आल्यात, म्हणून दारातच म्हणाले, "आम्हाला काही नको." त्या हसल्या. म्हणाल्या, "आजी, मी द्यायला आले आहे." सिनेमाच्या जुन्या संगीतकारांच्या स्मरणार्थ चार तिकिटांचा संच निघतो आहे. चारांत ह्यांचं नाव आहे.

मग त्यांनी अडचण सांगितली. सिनेमाच्या पाटीवर नाव कायम जोडीचं यायचं. त्यांनी विचारलं, "दुसरे कधी वारले?" मी म्हटलं, "वारले नाहीत. मुलीकडे असतात." तर बाईंचा चेहराच पडला. जिवंत माणसाचं तिकीट निघत नाही, असा नियम आहे. म्हणजे जोडीचं निघणार नाही. ह्यांचं एकट्याचं निघेल, पण त्याला तुमची हरकत नाही असं तुमच्या सहीचं पत्र लागेल. तिकिटाबरोबर माहितीचं एक पान छापतात, त्याचा मजकूर सोबत आहे. त्यावरही सही करायची.

फोटोचंही सांगून ठेवते. आमच्याकडे ह्यांचा धड फोटो एकच आहे, स्टुडिओतला, पियानोशी तुम्ही दोघं बसलेले. तुमची बाजू कापणार आहेत. तुमचा हात ह्यांच्या खांद्यावर आहे, तो चित्रकार पुसून घेईल म्हणाल्या.

रेडिओवर हल्ली जुनं गाणं लागलं की गाणाऱ्याचं नाव सांगतात, चाल लावणाऱ्याचं सांगत नाहीत. ह्यांचं नाव कुठेतरी छापलेलं राहावं, एवढंच माझं म्हणणं. मला सत्त्याहत्तर पूर्ण झाली. फार वाट बघत बसण्याएवढा वेळ माझ्याकडे नाही.

महिनाअखेरपर्यंत सही पाठवावी.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

अक्षर कसं ओळखणार नाही? मुलीने विचारलं, "बाबा, कोणाचं पत्र?" मी म्हटलं, "रागावलेल्या माणसाचं." म्हणाली, "न उघडताच कळलं?" मी म्हटलं, "पत्ता बघ. पेन एवढं दाबलंय की पाकिटाच्या मागच्या बाजूनेही वाचता येईल."

दादांचं तिकीट निघतंय हे वाचून फार बरं वाटलं. निघायलाच हवं. माझ्या जिवंत असण्याची सरकारदरबारी अडचण होईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मुलगी म्हणते, तिला ती रोजच होते, पण तिने कधी नियम दाखवला नाही.

माहितीचं पान वाचलं. त्यात मी 'त्यांचे सहायक' आहे. बाईंनी हे कुठून काढलं कोण जाणे. पाट्या तर सगळ्या जोडीच्याच आहेत. असू दे. हात पुसायचा तर नीट पुसा म्हणावं, नाहीतर दादांच्या खांद्यावर पाल बसल्यासारखी दिसेल.

सही करणार आहे. आता विचारतो त्याचं उत्तर तुम्ही दिलंत तरी करीन, नाही दिलंत तरी करीन.

दादा जायच्या आधी मी तुमच्या दारात आलो होतो. आपल्या व्हायोलिनवाल्याकडून त्यांच्या आजाराचं कळलं, तसाच अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो, दोन गाड्या बदलून. तुम्ही दार अर्धं उघडलंत आणि म्हणालात, "त्यांना तुम्हाला भेटायचं नाही." मी परत फिरलो. वहिनी, दादा नेमकं काय म्हणाले होते? वाईट शब्द असले तरी चालतील. अकरा वर्षं मी एकेक शब्द लावून बघतो आहे, चालीला बोल लावून बघतात तसे. एकही त्यांच्या तोंडी बसत नाही.

तुमचा
धाकटा


२० फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ते काही बोलले नाहीत. औषधांची गुंगी होती. तुम्ही आल्याचं मी सांगितलं, त्यांनी भिंतीकडे मान फिरवली. मी काय समजायचं ते समजले. याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

आणि 'सहायक' हा शब्द बाईंनी कुठून काढला नाही, मी सांगितला. डोळ्यांनी बघितलं तेच सांगितलं. आमच्या पुढच्या खोलीत चाल हे करायचे, तुम्ही टेबलाशी बसून वाजवणाऱ्यांचे कागद लिहायचात.

मी शाळेत दोनच वर्षं गेले, हे तुम्हाला माहीत आहे. लग्नानंतर वाचायला शिकले ती थेटरात मिळायच्या त्या गाण्यांच्या पुस्तिकांवरून. गाणं पाठ असायचं, मग त्याच्यावर बोट ठेवून अक्षर ओळखायचं. पुढे वाचनालयातली जाडजाड पुस्तकं वाचली, पण आयुष्यात सगळ्यात आधी मी जी छापलेली नावं वाचली ती तुमची दोघांची. म्हणून लागलं. अठरा वर्षं एका ताटात जेवल्यासारखे राहिलात आणि निर्मात्याने बोट पुढे केल्याबरोबर एकट्याने सिनेमा घेतलात. तो चालला. हे वर्षभर रोज स्टुडिओत खेटे घालत राहिले, पण ह्यांना त्यानंतर कोणी काम दिलं नाही. हे तुम्हाला कधी वाईट बोलले नाहीत, तो त्यांचा स्वभाव. माझा तसा नाही.

सहीची वाट बघते आहे. महिना संपत आला.

वहिनी


४ मार्च

वहिनी, नमस्कार.

सहीचं पत्र सोबत आहे. मजकुरावरही सही केली आहे. 'सहायक' तसंच राहू द्या, आता खोडाखोड नको.

त्या सिनेमाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मात्र दोन दिवस पेन उचलवलं नाही. म्हणजे दादांनी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही! मला वाटत होतं, कधी ना कधी सांगितलं असेल. दादा गेले, मीही फार दिवसांचा नाही. आता त्यांची शपथ मोडतो.

पहिली पंधरा वर्षं चाल दादांची होती. तुम्ही बघितलंत ते खरंच. शेवटची तीन वर्षं तसं नव्हतं. दादांना सुचेनासं झालं. पियानोवर दोन बोटं ठेवायचे, उचलायचे, म्हणायचे, "हे आपणच आधी केलंय रे." मी म्हणायचो, "दादा, कोणाच्या लक्षात येतंय!" ते म्हणायचे, "माझ्या." तुमच्या पुढच्या खोलीत बसून ते तुम्हाला ऐकवायचे त्या चाली मी आदल्या दिवशी स्टुडिओत केलेल्या असायच्या. त्यात मी काही मोठं केलं नाही. पंधरा वर्षं त्यांच्या चालींवर माझंही नाव लागतच होतं.

पण त्यांना ते सोसेना. निर्माता नवा सिनेमा घेऊन आला, तेव्हा त्याच्यासमोर दादाच म्हणाले, "हा एकटा करेल." बाहेर आल्यावर मी भांडलो. म्हटलं, "मला एकट्याला ढकलून तुम्ही कुठे जाणार?" म्हणाले, "माझं मी बघतो. घरी यातलं काही सांगायचं नाही. तिला वाटतं मला सगळं येतं. तेवढं तरी राहू दे." आणि शपथ घातली.

त्यानंतर वर्षभर ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे ना? स्टुडिओत येत नव्हते. फाटकासमोर शिंप्याचं दुकान होतं, तिथे बसायचे. बटणं लावायचे, काजं करायचे. शिंपी कौतुकाने म्हणायचा, "मास्तर, तुमच्यासारखं काज माझ्या कारागिरालाही जमत नाही." संध्याकाळी वेळेवर घरी.

सिनेमा चालला. मग मी तुमच्याकडे आलो की तुम्ही पाण्याचा पेला ठेवून आत निघून जायचात. दादाही तुमच्या देखत मोकळं बोलायचे नाहीत. मी येणं कमी केलं, मग बंदच केलं. तिथे माझं चुकलं. मला वाटलं, स्वतःच मला पुढे ढकललं, पण माझं चाललेलं बघून शेवटी त्यांनाही लागलं असणार. मान फिरवली म्हणता, त्याचा अर्थ आता तरी कळला.

तिकीट निघालं की पहिलं पत्र मला टाका.

तुमचा
धाकटा


३० मार्च

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, माणूस स्वतःची बाजू सावरतो आहे. मग शिंप्याचं परत वाचलं.

ह्यांच्या विजारीला दोरे लागलेले असायचे. पांढरे, काळे, एकदा लाल. मी ब्रशने झटकायचे आणि म्हणायचे, "स्टुडिओत झाडू मारत नाहीत वाटतं?" हे म्हणायचे, "वाजवणारे लोक, कुठे काय टाकतील!" मी एकदाही पुढे विचारलं नाही. माझ्या एका जुन्या ब्लाउजचं काज ह्यांनी एकदा नीट करून दिलं होतं. मी सगळ्यांना हसून सांगितलं की आमच्याकडे संगीतकार शिवणकामही करतो. इतकं डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही.

आता माझं ऐका. ह्यांनी मान फिरवली नव्हती. मी त्यांना विचारलंच नाही. तुम्ही दारात उभे होतात, हातात पिशवी होती, घामाघूम झाला होतात. हे आतल्या खोलीत जागे होते. "त्यांना तुम्हाला भेटायचं नाही" हे वाक्य माझं होतं. बोलताना मला बरं वाटलं, हेही लिहिते. इतकी वर्षं साठवून ठेवलेलं एकदाचं तुमच्या तोंडावर मारता आलं. मागच्या पत्रात मी तुम्हाला परत खोटं लिहिलं.

काल टपाल खात्यात गेले आणि तुमचं सहीचं पत्र दिलं नाही. बाईंना म्हटलं, "ह्यांचं एकट्याचं तिकीट मला नको. माहितीचं पानही चुकीचं आहे, चूक माझी आहे." त्या म्हणाल्या, "आजी, संच छपाईला जायचाय. ही संधी परत कधी येईल सांगता येत नाही." मी विचारलं, "मग दोघांचं कधी निघेल?" त्या टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या. म्हणाल्या, "आजी, नियम तुम्हाला माहीत आहे."

फोटो परत मागून आणला. अजून कापला नव्हता.

वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

म्हणजे आता दादांचं तिकीट निघायला मी मरायला हवा. चूक सुधारायची तुमची तऱ्हा अजब आहे! मी सही दिली होती, आनंदाने दिली होती. ते तिकीट दादांचं होतं, तुम्ही परत करायला तुमचं नव्हतं.

मुलगी म्हणाली, रागात लिहू नका, उद्या लिहा. आज उद्या आहे आणि राग तसाच आहे.

अकरा वर्षं मी दादांवर रागावलो होतो. गेलेल्या माणसावर रागावणं वाईट असतं, पण ती एक सवय होते. त्यांची गाणी लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. पियानो विकून टाकला. आता तुम्ही सांगता की त्यांनी काही केलंच नव्हतं. मग तो राग मी कुठे नेऊन ठेवू? तुमच्यावर? तुम्ही सत्त्याहत्तर वर्षांच्या.

एकच सांगा. शेवटच्या दिवसांत त्यांनी माझी आठवण काढली होती का? काढली नसेल तर 'नाही' एवढंच लिहा. एका शब्दाचं पत्र चालेल.

धाकटा


१९ एप्रिल

भाऊजी, नमस्कार.

'नाही' लिहिणं सोपं होतं. एका कागदावर लिहिलंही. त्याने तुम्हाला बरं वाटलं असतं का माहीत नाही, मला वाटलं असतं. म्हणून तो कागद फाडला.

रोज विचारायचे. "धाकट्याला कळवलंस का?" मी म्हणायचे, "कळवलंय." कळवलं नव्हतं. "काय म्हणाला?" "येतो म्हणाले." फोन पुढच्या खोलीत होता आणि त्यांना उठवत नव्हतं, त्यामुळे माझ्या शब्दाबाहेर त्यांना काही कळायची सोय नव्हती.

तुम्ही आलात त्या दिवशी दार लावून मी आत गेले. त्यांनी विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "मीटर बघायला माणूस आला होता." मग म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटला." मी त्यांची उशी नीट केली. तेव्हा तुम्ही कोपऱ्यापर्यंतही पोचला नसाल. खिडकीतून हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

त्यानंतर ते सहा दिवस होते. तुमच्यावर एकदाही चिडले नाहीत. "कामात असेल," म्हणायचे. "मोठं काम मिळालं असेल. एकट्याने सगळं करायचं म्हणजे वेळ लागतो." असं बोलले की त्यांना बरं वाटायचं. तुम्हाला त्या वेळी कुठलंही काम नव्हतं, हे व्हायोलिनवाल्याच्या बायकोने मला सांगितलं होतं. तेही मी त्यांना सांगितलं नाही.

हे मी कोणाला बोलले नव्हते. दुःख केलं ते नवरा गेल्याचं केलं, ते सगळ्यांना दिसत होतं, लोक धीर द्यायचे. हे त्याच्या खाली होतं.

माफी मागत नाही. मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. तुमच्यावर तेही ओझं नको.

वहिनी


२ सप्टेंबर

वहिनी, नमस्कार.

'माफ केलं' असं लिहायला मी चार वेळा बसलो. होत नाही. 'माफ करणार नाही' असं लिहायला बसलो, तेही होत नाही. म्हणून साडेचार महिने गप्प होतो.

आवाज ओळखीचा वाटला, असं दादा म्हणाले. त्या दिवशी दारात मी हळू बोललो होतो. घरात आजारी माणूस आहे, त्रास नको, म्हणून. एरवी माझा आवाज कसा आहे तुम्हाला माहीत आहे, स्टुडिओत माईक बंद असला तरी शेवटच्या रांगेतल्या ढोलवाल्याला ऐकू जायचा. त्या एका दिवशी मी शहाण्यासारखा वागलो. तुमचं वाक्य तुमच्याकडे, हे माझं माझ्याकडे.

संच निघाला. तीनच तिकिटं आहेत. मी पोस्टात जाऊन विकत घेतली. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "चार होती म्हणे, एक ऐन वेळी गळलं." मी विचारलं, "कोणाचं हो?" म्हणाला, "असेल कोणीतरी जुना." मी म्हटलं, "असेल."

या पाकिटावर जे महाशय चिकटवलेत, ते ओळखले असतील. दादा म्हणायचे, हा चाल लावत नाही, भिंतीला खिळे ठोकतो. त्यांच्या नाकावर शिक्का नीट बसावा म्हणून मी तिकीट जरा खाली लावलं आहे.

आता माझं ऐका. थांबायचं तुम्ही ठरवलंत, मला न विचारता. ठरवलंत तर आता ते निभवा. मी एक्क्याऐंशी वर्षांचा. डॉक्टर तब्येत माझी तपासतो आणि बोलतो मुलीशी. तिकीट निघेल तेव्हा मी ते बघणार नाही, हे तर नियमातच आहे. दादा बघणार नाहीत. मुलीला सांगून ठेवलं आहे, मी गेलो की टपाल खात्याला अर्ज करायचा आणि तुम्हाला कळवायचं. कळवल्यावर तिकडे कोणीतरी असायला हवं. ते तिकीट हातात घेऊन, आम्ही दोघं ठीक दिसतो आहोत की नाही, हे सांगू शकेल असं दुसरं माणूस आता उरलेलं नाही. व्हायोलिनवालाही गेल्या महिन्यात गेला.

माफीचं माझ्याच्याने होत नाही, पण हे काम तुमच्यावर सोपवतो. त्यासाठी जगावं लागेल. किती ते मी सांगू शकत नाही. मीही लवकर जाणार नाही, मुद्दाम.

तुमचा
धाकटा


११ सप्टेंबर

भाऊजी, नमस्कार.

पत्र मिळालं. काम घेतलं.

रक्तदाबाच्या गोळ्या मी मार्चपासून बंद केल्या होत्या. विसरले होते असं नाही. शेजारी विचारायचे, तेव्हा घेते म्हणून सांगायचे. कालपासून परत सुरू केल्या, सकाळी एक आणि जेवणानंतर एक.

तुमच्या असतील त्या तुम्हीही वेळेवर घ्या. तिकिटाची मला घाई नाही.

तुमची
वहिनी